औषधदानाचा जमाखर्च

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान ही दानाची चतुर्विध विभागणी आपल्या घरांत लहानपणापासून कानावर पडते. चातुर्मासात महाराजसाहेब तिचा अर्थ उलगडून सांगतात आणि श्रावक आपापल्या शक्तीप्रमाणे तो आचरणात आणतात. या चारपैकी तिघांचा व्यवहार आपल्या समाजाला चांगला अंगवळणी पडला आहे. भोजनशाळा, पाठशाळा आणि वसतिगृहे आपण पिढ्यानपिढ्या चालवत आलो आहोत, आणि पांजरापोळ तर आपल्या महाजनांची ओळखच आहे. औषधदानाचा हिशेब मात्र थोडा अवघड असतो. ताट वाढले की भूक भागली हे डोळ्यांना दिसते. शस्त्रक्रियेसाठी दिलेला रुपया कोठे गेला, त्यातून किती कामी आला आणि रुग्ण घरी परतल्यावर पुढे काय झाले, हे सहसा दात्यापर्यंत पोहोचतच नाही.

हे दान देशाच्या सीमा ओलांडून जाते तेव्हा तर प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो. नवापूरच्या वाचकाला सीमा म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. सुरत-भुसावळ मार्गावरील आपल्या स्थानकातून दोन राज्यांची हद्द जाते. फलाटावरच्या बाकावर मध्ये रेघ ओढून एकीकडे महाराष्ट्र आणि दुसरीकडे गुजरात असे लिहिले आहे. प्रवाशाला ही गंमत वाटते, रुग्णाला वाटत नाही. सरकारी योजनेचे कार्ड आधी राज्य विचारते, मग आजार. दात्याच्या पैशाला असे बंधन नसते, असा आपला समज आहे. हा समज कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी आपल्याच मातीतून उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय सेवेची काही पाने उलटून पाहू.

पंढरपूर ते ब्रुकलिन

सोलापूर जिल्ह्याने परदेशाशी जोडलेल्या वैद्यकीय सेवेत दोन मोठी नावे दिली. पहिले सर्वांना ठाऊक आहे. नेताजी सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना, १९३८ मध्ये, जपानी आक्रमणाखाली होरपळणाऱ्या चीनसाठी पाच डॉक्टरांचे पथक पाठवण्यात आले. त्यासाठी जुलै महिन्यात देशभर निधी गोळा केला गेला आणि सुमारे २२,००० रुपये व एक रुग्णवाहिका एवढी तजवीज झाली. पाचांपैकी दोघे आपल्याकडचे होते. नागपूरचे डॉ. चोळकर हे वयाने ज्येष्ठ, तर सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ऐन सत्ताविशीतले. १ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबई बंदरातून निघाले. सहकारी परतले तरी कोटणीस मागे राहिले, तेथील आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले. पारतंत्र्यातील, स्वतःच गरीब असलेल्या देशाने दुसऱ्या देशातील जखमींसाठी वर्गणी काढली, ही गोष्ट आपण कोटणीसांच्या त्यागापुढे विसरून जातो. ते २२,००० रुपये देणाऱ्यांची नावे आज कोणालाही ठाऊक नाहीत. आपल्या भाषेत सांगायचे तर ते खरे गुप्तदान होते.

दुसरे नाव डॉ. शरदकुमार दीक्षित यांचे. त्यांचा जन्म १९३० मध्ये पंढरपूरचा. पुढे ते अमेरिकेत गेले, प्लॅस्टिक सर्जन झाले आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहू लागले. १९६८ पासून त्यांनी ‘इंडिया प्रोजेक्ट’ या नावाने भारतात मोफत शस्त्रक्रियांचे काम आरंभले. १९७८ मध्ये मोटार अपघातात त्यांचे अर्धे शरीर लुळे पडले. त्यानंतर स्वरयंत्राच्या कर्करोगाने आवाज हिरावला आणि हृदयविकाराचे झटकेही येऊन गेले. चाकांच्या खुर्चीत बसलेला, बोलण्यासाठी यंत्राचा आधार घेणारा हा शल्यविशारद तरीही वर्षातील सुमारे सहा महिने भारतात घालवीत असे. त्यांच्या हातून झालेल्या शस्त्रक्रियांची संख्या पन्नास हजारांच्या पुढे जाते. २००१ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्रीने गौरवले. नोव्हेंबर २०११ मध्ये त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्रातील जैन कुटुंबांना हे नाव परिचित असण्याचे कारण वेगळे आहे. पुण्यात श्री. शांतिलालजी मुथ्था यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने दीक्षितांच्या शिबिरांची यजमानी अनेक वर्षे सांभाळली. १९९३ च्या लातूर-किल्लारी भूकंपानंतर सुमारे बाराशे मुलांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेणारी हीच संघटना. दीक्षितांच्या पश्चातही अमेरिकेतील शल्यविशारदांना बोलावून त्यांच्या नावाने शिबिरे भरवण्याचा क्रम तिने चालू ठेवला.

वर्षाचा क्रम

दीक्षितांच्या वर्षाचे दोन भाग असत. उन्हाळा आणि पावसाळा अमेरिकेत जाई. तेथे निधी, टाके घालण्याचे धागे, औषधे आणि उपकरणे जमवायची आणि सोबत येणाऱ्या डॉक्टरांची जुळवाजुळव करायची. थंडी पडू लागली की भारतातला फेरा सुरू होई. एका गावी काही दिवस, मग पुढचे गाव. प्रत्येक ठिकाणी पहिला दिवस तपासणीचा. दुभंगलेला ओठ, खाली पडलेली पापणी, तिरळेपणा, चेहऱ्यावरील व्रण, अशा तक्रारी घेऊन शेकडो माणसे रांगेत उभी राहत. त्यांतून कोणावर येथे शस्त्रक्रिया करता येईल आणि कोणाला मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागेल, हे ठरे. नंतरचे दिवस शस्त्रक्रियांचे. दीक्षितांची पद्धत सुटसुटीत आणि जलद होती, त्यामुळे एका दिवसात खूप रुग्ण होत.

दुभंगलेला ओठ हे जन्मजात व्यंग साधारण सातशे ते हजार बालकांमागे एकात आढळते. गरोदरपणी ग्रहण पाहिले, ग्रहणात विळीवर भाजी चिरली, म्हणून मुलाचा ओठ फाटला, असा दोष आपल्याकडे आईच्या माथी मारला जातो. खरे कारण असे की, गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत चेहऱ्याचे भाग एकमेकांना येऊन मिळतात. ते जुळणे अपुरे राहिले की ओठ किंवा टाळू उघडी राहते. आनुवंशिकता, आईचे अपुरे पोषण, काही औषधे, तंबाखू आणि मद्य यांचा त्याच्याशी संबंध आढळतो. अशा मुलाला अंगावर दूध ओढता येत नाही, मोठेपणी उच्चार नीट येत नाहीत, आणि मुलगी असेल तर लग्नाचा प्रश्न उभा राहतो. एका तासाच्या आत होणाऱ्या शस्त्रक्रियेने यातले पुष्कळसे टळते. कमी खर्चात एवढे फळ देणारे दान दुसरे क्वचितच सापडेल.

पैसा कोठून, खर्च कोठे

आता हिशेब. दीक्षितांच्या कामाची जमा बाजू चार ठिकाणांहून येई. सर्जनांचे कौशल्य आणि वेळ विनामूल्य. साहित्य बरेचसे अमेरिकेतून देणगीरूपाने. प्रवास आणि संस्थेचा खर्च तेथील देणगीदारांकडून. आणि चौथी बाजू, जिला आपण सहसा मोजतच नाही, ती यजमानांची. शस्त्रक्रियागृह देणारे रुग्णालय, रुग्ण आणि नातेवाईक यांची राहण्याजेवणाची सोय, गावोगावी पत्रके पोहोचवणारे कार्यकर्ते, रक्त तपासणी, पाच-सात दिवसांनी टाके काढणारे स्थानिक डॉक्टर, हे सर्व संघटना, लायन्स, रोटरी आणि गावचे व्यापारी उभे करीत.

व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर येथे एक मर्म दिसते. सर्वांत महाग वस्तू, म्हणजे निष्णात सर्जनचा हात, फुकट मिळत असल्याने बाकीचा प्रत्येक रुपया थेट रुग्णापर्यंत जाई. नोकरवर्ग नाही, कचेरी नाही, जाहिरात नाही. मात्र याच रचनेत एक उणीवही होती. शिबिर तेथेच भरे जेथे यजमान समर्थ असत. पुणे, नाशिक यांसारख्या शहरांत संघटनेची शाखा भक्कम, रुग्णालये सज्ज आणि कार्यकर्ते भरपूर. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातील पाड्यावर ना शस्त्रक्रियागृह, ना यजमान. रुग्ण जेथे अधिक तेथे शिबिर नसावे, हा दोष कोणा एकाचा नव्हे. जेथे पैसा आणि मनुष्यबळ एकत्र येते तेथे काम उभे राहते, एवढाच त्याचा अर्थ.

अन्य संस्थांनी या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे शोधली. ‘स्माइल ट्रेन’ ही १९९९ मध्ये सुरू झालेली अमेरिकी संस्था परदेशी सर्जन पाठवण्याऐवजी त्या त्या देशातील रुग्णालयांना आणि डॉक्टरांना ओठ-टाळूच्या शस्त्रक्रियांसाठी साहाय्य देते. त्यामुळे काम बारमाही चालते. पाहुण्या पथकाच्या येण्याजाण्यावर ते अवलंबून राहत नाही.

गांधीजींच्या नावाचे वर्ष

दुसरे पान जयपूरचे. जयपूर फूट हे नाव आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकले आहे. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने ते घडवले. उकिडवे बसता यावे, मांडी घालता यावी, अनवाणी चालता यावे आणि शेतातील चिखलपाण्यात उभे राहता यावे, अशा भारतीय गरजा समोर ठेवून ते तयार झाले. नर्तिका सुधा चंद्रन हा पाय लावून पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या, तेव्हा सबंध देशाने त्याची दखल घेतली.

पाय बनला, पण तो गरिबापर्यंत पोहोचवण्याचे काम व्यवस्थेचे होते. ते केले श्री. देवेंद्रराज मेहता यांनी. हे भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी. आपल्या व्यापारी वाचकांना ते सेबीचे १९९५ ते २००२ या काळातील अध्यक्ष म्हणून आठवतील. १९६९ मध्ये एका अपघातात त्यांचा पाय इतका जबर जायबंदी झाला की तो कापावा लागेल असे वाटत होते. पाय वाचला. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण वर्षात, १९७५ मध्ये, त्यांनी जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समितीची स्थापना केली. येणाऱ्याला आधी वेळ घ्यावी लागत नाही, राहणे-जेवणे विनामूल्य, आणि बहुतेकांना थोड्याच अवधीत, कित्येकदा एका दिवसात, पाय बसवून घरी पाठवायचे, हा समितीचा शिरस्ता आहे. कृत्रिम पाय, कॅलिपर, तीनचाकी, कुबड्या यांच्या रूपाने साहाय्य मिळालेल्यांची संख्या वीस लाखांच्या घरात पोहोचली आहे. पायाची नळी ज्या प्लॅस्टिकपासून बनते, त्याच जातीचे पाइप शेतीच्या पाण्यासाठी वापरले जातात. खर्च कमी राहण्याचे रहस्य अशा साध्या निवडींत आहे.

ऑक्टोबर २०१८ मध्ये, महात्मा गांधींच्या १५० व्या जयंती वर्षाच्या निमित्ताने, परराष्ट्र मंत्रालयाने ‘इंडिया फॉर ह्यूमॅनिटी’ या उपक्रमाची घोषणा केली. तेव्हा सुषमा स्वराज परराष्ट्रमंत्री होत्या. समितीचे तंत्रज्ञ वेगवेगळ्या देशांत जातील, तेथे काही आठवडे शिबिर भरवून कृत्रिम पाय बसवतील आणि खर्च भारत सरकार उचलेल, अशी ही योजना होती. व्हिएतनाम आणि मलावीसारख्या दूरच्या देशांत या वर्षी शिबिरे झाली. पुढे २०२० च्या आरंभी यादवीने जर्जर झालेल्या सीरियात, दमास्कस येथे, पाचशेहून अधिक जणांना पाय मिळाले. सुरुंग, बॉम्बहल्ले, मधुमेह, रस्त्यावरील अपघात, अशी पाय गमावण्याची कारणे देशागणिक वेगळी. कारागिराचे काम मात्र तेच राहते. उरलेल्या अवयवाचे माप घ्यायचे, साचा तयार करायचा, पाय बसवायचा आणि माणसाला चालवून पाहायचे.

समिती याआधीही अनेक देशांत गेली होती, पण त्या शिबिरांसाठी प्रत्येक वेळी दाता शोधावा लागे. कधी तेथील सरकार, कधी तेथील भारतीय व्यापारी मंडळी, कधी एखादी आंतरराष्ट्रीय संस्था. या वर्षाचे वेगळेपण हे की, एका जैन संस्थेच्या सेवेमागे सरकारी तिजोरी उभी राहिली. यामागचे आर्थिक कारणही वाचकांनी समजून घ्यावे. आपल्याकडील धर्मादाय न्यासाने भारताबाहेर खर्च केला तर त्या रकमेवर आयकराची सूट सहसा मिळत नाही. त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा निधीही भारतातील कामावरच खर्च करावा लागतो. त्यामुळे जयपूरच्या दानपेटीतील पैशाने दमास्कसमध्ये पाय बसवणे वाटते तितके सोपे नाही. दानाच्या पैशालाही पारपत्र लागते.

पैसा वाट ठरवतो

सरकारी साहाय्याचा लाभ उघड आहे. त्याची दुसरी बाजूही आहे. पैसा सरकारचा असेल तर कोणत्या देशात जायचे हे परराष्ट्र धोरण ठरवते. ते धोरण योग्यही असू शकते, परंतु यादी गरजेनुसार बनलीच पाहिजे असे बंधन त्यावर नसते.

हा प्रश्न जगभर गाजला तो ‘मेडिसाँ साँ फ्राँतिएर’ म्हणजे ‘सीमाविरहित डॉक्टर’ या संस्थेमुळे. १९७१ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या आणि १९९९ मध्ये नोबेल शांतता पुरस्कार मिळवणाऱ्या या संस्थेचे वार्षिक उत्पन्न आज दोन अब्ज युरोंच्या पुढे आहे. त्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक रक्कम सरकारांकडून न येता जगभरातील लाखो खाजगी दात्यांकडून येते, आणि त्यांतले बहुतेक सामान्य नागरिक आहेत. २०१६ मध्ये निर्वासितांविषयीच्या धोरणाच्या निषेधार्थ तिने युरोपीय संघ आणि त्याच्या सदस्य देशांचा पैसा घेणे थांबवले. लहान लहान देणग्यांच्या पायावर उभी असल्यामुळेच तिला हे परवडले. मुंबईत गोवंडी परिसरात औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या रुग्णांवर या संस्थेने वर्षानुवर्षे उपचार केले. त्या खर्चाचा वाटा पॅरिस वा जिनिव्हातील एखाद्या निवृत्त शिक्षिकेच्या महिन्याच्या देणगीतून आलेला असू शकतो.

आपल्या व्यवहारात उदाहरण द्यायचे तर, एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर चालणारे दुकान आणि शंभर लहान गिऱ्हाइकांवर चालणारे दुकान यांत जो फरक असतो, तोच येथे आहे. मोठे गिऱ्हाईक माल कोणता ठेवायचा हेही सांगू लागते.

चिंचपाड्याचा धडा

परदेशी वैद्यकीय साहाय्य म्हणजे कोठेतरी दूर घडणारी गोष्ट, असे नवापूरकरांनी मानण्याचे कारण नाही. आपल्याच तालुक्यात, रेल्वेने पुढच्या टापूत, चिंचपाडा येथे गेल्या शतकातील चाळीसच्या दशकात परदेशी मिशनरी डॉक्टरांनी दवाखाना सुरू केला. त्यातून उभे राहिलेले ख्रिश्चन हॉस्पिटल आज इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन या भारतीय संस्थेच्या अंतर्गत चालते. ज्या काळात या पट्ट्यात रस्ते नव्हते, त्या काळात समुद्रापलीकडच्या अनोळखी माणसांच्या वर्गणीतून येथील आदिवासी मातेचे बाळंतपण सुखरूप झाले. धर्म वेगळा, भाषा वेगळी, तरीही अनुकंपा तीच. हे ऋण मोकळ्या मनाने मान्य करण्यात आपला कमीपणा नाही.

या उदाहरणातील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पाहुणे आले आणि गेले असे तेथे झाले नाही. काम पुढे भारतीय हातांत आले आणि टिकले. आंतरराष्ट्रीय सेवेची खरी कसोटी हीच. पाहुणा निघून गेल्यावर मागे काय उरते?

येथील गरज आणि आपला वाटा

शेजारी गरज असताना परदेशात दान कशासाठी, असा प्रश्न आपल्या सभांमध्ये हमखास विचारला जातो. तो रास्त आहे. पण त्याचे उत्तर केवळ अंतरावर अवलंबून नाही. दमास्कसला गेलेला सरकारी पैसा तेथे गेला नसता म्हणून नंदुरबारला आला असता, असे नाही. त्यामुळे तेथे का दिले यापेक्षा येथे नेमके काय कमी पडते, हे शोधणे अधिक उपयोगाचे.

ओठ-टाळूच्या शस्त्रक्रियेचेच उदाहरण घ्या. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळांमध्ये मुलांची तपासणी करतात. जन्मजात व्यंगांवर मोफत उपचारांची तरतूद त्यात आहे. म्हणजे शस्त्रक्रियेचे बिल भरण्यासाठी दाता मिळत नाही, अशी आज स्थिती उरलेली नाही. तरी मुले मागे राहतात. त्याची कारणे पाहा.

पहिले कारण वजन. शल्यविशारदांचा एक जुना संकेत आहे. ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी बालक दहा आठवड्यांचे असावे, वजन दहा पौंड म्हणजे सुमारे साडेचार किलो असावे आणि हिमोग्लोबिन दहा ग्रॅम असावे. ज्या मुलाला दूधच ओढता येत नाही आणि ज्याची आई स्वतः अशक्त आहे, त्याचे वजन त्या रेषेपर्यंत येत नाही. शिबिराच्या दिवशी त्याला परत पाठवले जाते. वाटी-चमच्याने दूध कसे पाजावे हे शिकवणारी एक कार्यकर्ती आणि काही महिन्यांचा पोषक आहार मिळाला, तर पुढच्या खेपेस हेच मूल पात्र ठरते.

दुसरे कारण सिकलसेल. हा आनुवंशिक रक्तविकार आदिवासी समाजात अधिक आढळतो आणि नंदुरबार जिल्ह्याला त्याची झळ मोठी आहे. अशा रुग्णाला भूल दिलेली असताना शरीरातील पाणी, ऊब किंवा प्राणवायू कमी पडला तर रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्या तुंबू शकतात. म्हणून या जिल्ह्यात कोणतेही शस्त्रक्रिया शिबिर भरवायचे, तर त्याआधी सिकलसेलची चाचणी झालीच पाहिजे. पुण्यातील यजमानाला जी गोष्ट सुचणारही नाही, ती येथील यजमानाने आधी सांगायला हवी. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. तिच्या तपासणीची कार्डे आधीच हाताशी असतील तर काम सोपे होते.

तिसरे कारण हंगाम. आपल्या भागातील असंख्य कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात आणि उन्हाळ्यात परततात. मोठी शस्त्रक्रिया शिबिरे भरतात तीही थंडीतच. पाहुण्या डॉक्टरांच्या सोयीने तारीख ठरली की रुग्ण फडावर असतो.

चौथे कारण मजुरी. शस्त्रक्रिया मोफत असली तरी मुलासोबत आई-वडिलांपैकी एकाला काही दिवस राहावे लागते. तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते, घरी राहिलेल्या भावंडांचे जेवण अडते, गाडीभाडे लागते. टाळूची शस्त्रक्रिया झाली तर पुढे उच्चार सुधारण्याचे शिक्षण महिनोन्महिने घ्यावे लागते. या खर्चाला कोणत्याही योजनेत पुरेसा रकाना नाही.

या चारही ठिकाणी लागणारी रक्कम मोठी नाही. लागते ते सातत्य, ओळखीपाळखी आणि माणसे जोडण्याची हातोटी, आणि व्यापारी कुटुंबांकडे ही संपत्ती पिढीजात आहे. कोणत्या पाड्यातला कोणता गडी कोणत्या मुकादमाबरोबर गेला, हे बाजारपेठेतील दुकानदाराला सरकारी नोंदवहीपेक्षा आधी कळते. नवापूर महामार्गावर आहे, रेल्वेवर आहे, सुरतेची मोठी रुग्णालये येथून जवळ आहेत. शिबिर येथे भरो वा न भरो, रुग्णाला तेथवर नेऊन परत आणणारी साखळी येथे नक्कीच उभी राहू शकते. पथक कोठून येते हे दुय्यम आहे.

दान देण्यापूर्वी

शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. देणगी मागणाऱ्या संस्थेला तिच्या वार्षिक अहवालाची आणि लेखापरीक्षित हिशेबाची प्रत मागावी. तीत कचेरी आणि प्रचार यांवर किती, रुग्णसेवेवर किती, हे पाहावे. किती शस्त्रक्रिया झाल्या यासोबत किती रुग्णांची नंतर तपासणी झाली, हेही विचारावे. ८०-जी कलमाखालील वजावट रोखीने दिलेल्या २,००० रुपयांपुढील देणगीस मिळत नाही, म्हणून धनादेश वा बँकेमार्फत द्यावे आणि संस्थेकडून विहित प्रमाणपत्र घ्यावे. नव्या करप्रणालीत ही वजावट मिळत नाही, हे लक्षात ठेवून आपल्या सनदी लेखापालांचा सल्ला घ्यावा. परदेशातील आपले नातेवाईक येथील संस्थेला देणगी देऊ इच्छित असतील आणि ते परदेशी नागरिक झाले असतील, तर त्या संस्थेची विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी आहे ना, हे आधी तपासावे. अशा संस्थेला ती रक्कम दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतील खात्यातच घ्यावी लागते, आणि तीतून दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. चांगल्या हेतूने पाठवलेले पैसे केवळ या अज्ञानामुळे अडकून पडू शकतात.

दिवाळीला आपण चोपडापूजन करतो, नव्या वहीच्या पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहितो. अनेक घरांत त्याच वहीत धर्मादाय खाते उघडण्याची चाल आहे. यंदा त्या खात्यात औषधदानाचे एक स्वतंत्र पान असावे. जमेच्या बाजूला रक्कम लिहावी. खर्चाच्या बाजूला रुपयांसोबत एका मुलाचे वजन, त्याची सिकलसेलची तपासणी, शस्त्रक्रियेची तारीख आणि सहा महिन्यांनंतरच्या भेटीची नोंद असावी. ती शेवटची नोंद होईपर्यंत ते खाते चुकते झाले, असे कोणी समजू नये.